सांडपाणी कोणी सांडले?

धम्मदीक्षा घेतलेल्या बंधू-भगिनींनो,

दीक्षेच्या दिवशी आपण कित्येक शब्द टाकून दिले. भेटल्यावर उच्चारावयाचा शब्द बदलला, मुलांची नावे बदलली, गावकीने आपल्या आज्या-पणज्यांच्या कपाळी मारलेली टोपणनावे तर आनंदाने पुरली. परंतु एक शब्द आपल्या उंबऱ्याशी आजही वाहतो आहे आणि त्याची चौकशी करावी असे आपणांपैकी फारच थोड्यांना वाटले. तो शब्द म्हणजे सांडपाणी.

वकिलाने पक्षकारांचे कागद पाहावेत, शब्दांची कुळे शोधणे हे पंडितांचे काम, असे आपण म्हणाल. लॉ कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा मीही असेच समजत होतो. वीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्यावर कळले की गरिबाचा खटला पुष्कळदा कायद्यात हरत नाही, तो फिर्यादीच्या पहिल्या ओळीतच हरतो. आणि ती ओळ सांगितलेली त्याने असते, लिहिलेली मात्र दुसऱ्याने असते.

जालना जिल्ह्यातील एका गावची हकीकत सांगतो. गावाचे नाव लिहीत नाही. पक्षकाराच्या संमतीवाचून ते लिहिणे वकिलास शोभत नाही. तेथील एका कुटुंबाने दीक्षा घेतली आणि मेलेले ढोर ओढण्याचे काम त्याच महिन्यात सोडले. पावसाळा संपतो न संपतो तोच वरच्या आळीची नाली, जी आजवर ओढ्याला मिळत होती, ती दगडमातीचा बांध घालून या कुटुंबाच्या दाराकडे वळविण्यात आली. त्या नालीत भांड्यांचे व न्हाणीचे पाणी होतेच, शिवाय दोन घरांच्या संडासांच्या भरलेल्या टाक्यांचे पाणीही होते. घरची म्हातारी ठाण्यात गेली. तिने अर्धा तास सांगितले. कागदावर उतरले ते इतकेच: "आमच्या दारात सांडपाणी येते."

आरोपींनी अटकपूर्व जामीन मागितला. त्यांचे विद्वान वकील म्हणाले, कायद्यात शब्द आहे 'सेवेज', म्हणजे मैलापाणी. फिर्यादीत शब्द आहे सांडपाणी, म्हणजे खरकटे पाणी. कायदा म्हणतो 'टाकणे', फिर्याद म्हणते 'येते'. पाणी येते, साहेब, पाण्याला जात असते काय? जामीन मंजूर झाला. न्यायाधीशांस मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर जो कागद होता तो तेवढेच बोलत होता. बाहेर व्हरांड्यात म्हातारी मला म्हणाली, "पाणी आलं न्हाई वकीलसाहेब, आणलंय."

आलेले पाणी आणि आणलेले पाणी यांतला भेद त्या निरक्षर बाईला कळला. तो आपल्या भाषेत का पुसला गेला, याची चौकशी मी त्या दिवसापासून आरंभिली.

सांडपाणी हा जोडशब्द आहे. त्याचा पहिला भाग सांडणे या क्रियापदाचा. आज आपण म्हणतो, दूध सांडले, तेल सांडले. यात कोणाचा हेतू नसतो, हात लागला आणि सांडले. परंतु हा अर्थ अलीकडचा व अरुंद आहे. जुन्या मराठीत, ज्ञानेश्वरीच्या काळापासून पुढे, सांडणे म्हणजे टाकून देणे, त्याग करणे, जाणूनबुजून सोडणे. माणूस घर सांडी, अभिमान सांडी, देह सांडी. त्यात अपघात नव्हता, संकल्प होता. धरणाच्या सांडव्यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. जालना शहराला पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजणाऱ्या घाणेवाडीच्या तलावाचा विचार करा. तलाव भरला म्हणजे जादा पाणी कोठून व किती उंचीवरून बाहेर पडावे हे आधी ठरवून सांडवा बांधतात. सांडव्याचे पाणी 'आपोआप आले' असे कोणी इंजिनियर लिहिणार नाही. लिहिले तर त्याची नोकरी राहणार नाही. मग गावच्या नालीच्या बाबतीतच आपण 'आले' असे का लिहितो?

शब्दाचे कूळ आणखी मागे जाते, आणि येथे आपणांस विशेष लक्ष द्यावयाचे आहे. संस्कृतात छर्द् हा धातू आहे: ओकणे, बाहेर टाकणे. पालीत त्याचे छड्डेति झाले, म्हणजे फेकतो, टाकून देतो. प्राकृतात छड्ड व छंड अशी रूपे झाली. मूळच्या 'छ'चा 'स' करण्याची मराठीला सवयच आहे. छुरिकेची आपण सुरी केली, छल्लीची झाडाची साल केली. तसेच छंडचे सांड झाले. म्हणजे ज्या शब्दाने आपल्या दारचे पाणी ओळखले जाते, त्याची आजी पाली आहे. तिपिटकात तो शब्द कोठे आढळतो हे पाहिले तर आपण चकित व्हाल.

थेरगाथेत सुनीत थेराच्या बारा गाथा आहेत. त्यांत हा थेर आपल्या पूर्वायुष्यातील धंद्याचे नाव सांगतो: पुप्फछड्डक. वाळलेली, वापरून झालेली फुले गोळा करून टाकणारा. परमपूज्य बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात दीनदुबळ्यांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात हाच सुनीत आपणांस भेटतो. राजगृहाचा रस्ता झाडणारा तो भंगी. तथागत भिक्खुसंघासह समोरून येताना दिसले तेव्हा लपावयास जागा न मिळाल्याने भिंतीला चिकटून हात जोडून उभा राहिला. तथागतांनी त्याला टाळले नाही, त्याला संघात घेतले. ही कथा आपण सारे जाणता. मला दाखवावयाचे आहे ते त्या नावातील शेवटचे अक्षर. पालीने छड्डक म्हटले. त्या 'क'मध्ये टाकणारा माणूस उभा आहे. कोणी टाकले, या प्रश्नाचे उत्तर शब्दातच आहे. आपल्या सांडपाण्यात तो 'क' गळाला. पाणी उरले, सांडणे उरले, सांडणारा नाहीसा झाला.

आता दुसरा भाग, पाणी. हा शब्द संस्कृत पानीय पासून आला. पानीय म्हणजे पिण्याजोगे. तेव्हा सांडपाणी या शब्दाचा धात्वर्थ निघतो 'टाकून दिलेले पिण्याजोगे'. या देशात पिण्याजोग्याचा वाटा कोणाला मिळाला व टाकून दिलेल्याचा वाटा कोणाला मिळाला, हे मी आपणांस सांगावयास नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीने घेतले, तेव्हा ते बाटले म्हणून घागरी ओतून, पंचगव्य घालून तळे शुद्ध करण्यात आले. मग दिवाणी दावा चालला. मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली! पाणी कोणी घ्यावे, यावर दहा वर्षे वाद झाला. परंतु गावाने वापरून टाकलेले पाणी कोणी घ्यावे, यावर कोणी तळे शुद्ध केले नाही आणि कोणी दावाही मांडला नाही. आमच्या हाताने त्यांचे पाणी बाटते. त्यांच्या न्हाणीच्या पाण्याने आमचा उंबरा मात्र बाटत नाही. हे कोणते शास्त्र?

येथे एक नेहमीचा आक्षेप येतो आणि तो मांडणारे बहुधा हसत हसत मांडतात. म्हणतात, पाणी उताराकडे जाते, त्यात जातिभेद कसला? याला माझी दोन उत्तरे आहेत. वस्ती उतारावर कोणी वसविली, हे पहिले. आपल्या पूर्वजांना गावठाणाची जागा निवडावयास सांगितली होती काय? आणि दुसरे असे की, सिमेंटच्या नालीचा उतार निसर्ग ठरवीत नाही, गवंडी ठरवितो. गवंड्याला ठेकेदार सांगतो. ठेकेदाराला सरपंच सांगतो. मी असे गाव पाहिले आहे की जेथे ओढा पश्चिमेला असून नाली पूर्वेला नेलेली आहे. नालीच्या तळाला पातळी लावून पाहा. पातळी कोणाचा मुलाहिजा धरीत नाही.

शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय केला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, इतकेच काय बौद्धवाडाही जाऊन तेथे समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे यावीत असे ठरले. निर्णय योग्य होता, त्याचे मी स्वागत केले. परंतु पाटी बदलली म्हणून नालीचे तोंड वळत नाही. काही ठिकाणी समतानगरच्या पाटीचा खांब त्याच नालीत रोवलेला मी पाहिला आहे, आणि पाटी लावणाऱ्यांचे पाय भिजू नयेत म्हणून तेवढ्या दिवसापुरती फळी टाकली होती.

आता कायद्याकडे येतो, कारण आपणांस उपयोग त्याचाच आहे.

प्रथम एक भीती दूर करावयाची आहे. दीक्षा घेतल्यास कायद्याचे संरक्षण जाईल असे नव्या कुटुंबांच्या कानात मुद्दाम सांगितले जाते. हे असत्य आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात आरंभी फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्धही आले. बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. आपला जातीचा दाखला आदेशातील जातीचा असावा, एवढी काळजी घ्या.

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ चा. मूळ कायद्यात आपल्या आवारात किंवा शेजारी मैला, कचरा, मेलेली जनावरे टाकणे हा गुन्हा होता. परंतु इजा, अपमान किंवा त्रास देण्याचा हेतू सिद्ध करावा लागे. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आली. आता कलम ३(१)(बी) पाहा. अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला इसम अशा जाती-जमातीच्या व्यक्तीच्या ताब्यातील जागेत किंवा तिच्या प्रवेशद्वाराशी मैला, 'सेवेज', मृत जनावर अथवा इतर कोणताही किळसवाणा पदार्थ टाकील, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड. या खंडात हेतूची अट नाही. ती शेजारच्या परिसरात टाकण्याविषयीच्या पुढील खंडात, (सी) मध्ये आहे. म्हणून दाराशी की वस्तीत, हे फिर्यादीत स्वच्छ लिहिले गेले पाहिजे. आणि 'सेवेज' हा शब्द या कलमात २०१५ मध्ये नव्याने आला. ज्या संसदेने तो घातला तिला नाली ठाऊक होती. ज्या जमादाराने फिर्याद लिहिली त्याला तो शब्द ठाऊक नव्हता, किंवा लिहावयाचा नव्हता.

आरोपीच्या वकिलांच्या युक्तिवादाला उत्तर नाही असे नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ मध्ये सेवेजच्या निस्सारित पाण्याची जी व्याख्या आहे, तीत उघड्या नाल्यांतील 'सलेज', म्हणजेच आपले सांडपाणी, स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे. एका कायद्याची व्याख्या दुसऱ्यास जशीच्या तशी लागत नाही, हे मी जाणतो. पण संसदेने हे दोन शब्द वेगळ्या खोल्यांत कोंडलेले नाहीत, एवढे तरी तिच्यावरून दिसते. आणि 'इतर कोणताही किळसवाणा पदार्थ' हे शब्द कोठे गेले? त्या शब्दांखाली खरकटे, साबणाचे, जनावरांच्या गोठ्याचे पाणीही येऊ शकते. परंतु ते किळसवाणे कसे आहे हे कागदावर असले पाहिजे. न्यायालयाला नाक नसते.

सरकारी मराठीने या गोंधळात भर घातली आहे. ग्रामपंचायतीच्या 'घनकचरा व सांडपाणी व्यवस्थापन' या फलकावर सांडपाणी म्हणजे न्हाणीचे व भांड्यांचे पाणी. शहराच्या 'सांडपाणी प्रक्रिया केंद्रात' तेच सांडपाणी म्हणजे संडासांसह सगळे. जालना शहराचे जे कुंडलिकेत व सीनेत उतरते त्यालाही सांडपाणीच म्हणावयाचे आणि ताटाखालून सांडलेल्या वाटीभर पाण्यालाही तेच. सोयीचा शब्द आहे. वाटेल तेव्हा मोठा होतो, वाटेल तेव्हा लहान होतो.

या लवचीकपणाने माणसे मरतात, तेही ऐका. वर्तमानपत्रात येते, 'सांडपाण्याच्या टाकीत गुदमरून कामगारांचा मृत्यू'. ते कामगार कोणत्या समाजाचे असतात हे बातमीत नसते, आणि टाकीत काय होते हेही नसते. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात सेप्टिक टाकी व गटारवाहिनी यांची व्याख्या मानवी मैल्यावर उभी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाख केली. पंचनाम्यात 'मैल्याची टाकी' असे आहे की 'सांडपाण्याची टाकी' असे आहे, यावर एका विधवेचा दावा सरळ चालतो किंवा वर्षानुवर्षे अडतो. कोणाच्या घरी असा प्रसंग आलाच तर पंचनामा होताना तेथे उभे राहा आणि शब्द पाहा.

जे मी इतरांना विचारतो ते आपणांसही विचारले पाहिजे. आपल्या वस्तीची नाली कोठे जाते? काही गावांत मी पाहिले आहे की बौद्ध वस्तीचे पाणी मातंग बांधवांच्या दारी सोडलेले आहे, आणि हटकल्यावर आपले लोक तेच उत्तर देतात: उतार तिकडे आहे, वकीलसाहेब! येथे अत्याचार प्रतिबंधाचा कायदा लागत नाही, कारण दोघेही अनुसूचित जातीचे. परंतु विनयाचा नियम आहे. भिक्खुणींच्या पाचित्तिय नियमांत एक नियम असा आहे की भिंतीपलीकडे किंवा कुंपणापलीकडे मलमूत्र, केरकचरा, उष्टे टाकू नये. क्रियापद तेच, छड्डेति. एका भिक्खुणीने मैल्याचे भांडे भिंतीपलीकडे रिकामे केले, ते वाटेने जाणाऱ्याच्या डोक्यावर पडले, त्यावरून हा नियम झाला. भिंतीपलीकडे कोण आहे हे मला दिसले नाही, ही सबब चालली नाही. आणि वच्चकुटीचे, म्हणजे शौचकूपाचे जे व्रत संघाला घालून दिले, त्यात ज्याला ती अस्वच्छ दिसेल त्याने ती झाडावी-धुवावी, घागरीत पाणी नसेल तर भरून ठेवावे, असे आहे. त्यासाठी वेगळी जात नेमलेली नाही.

नाली दुसऱ्याच्या दारी न नेताही पाणी जिरविता येते. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी (आपल्या जाफ्राबाद तालुक्यातील नव्हे, हिमायतनगरकडील) हे गाव घरोघरी शोषखड्डे घेऊन डासमुक्त झाल्याने नावाजले गेले. ज्या घरचे पाणी त्याच घरच्या अंगणात जिरते. तेथे सांडपाणी कोणाच्या दारात 'येत' नाही, कारण ते कोणी सोडतच नाही. वस्तीतील नाली व रस्त्यांसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्तीच्या विकासाची योजना आहे. ग्रामसभेत तिचा ठराव मागा, आणि ठरावात नालीचे तोंड कोठे उघडणार हेही लिहून घ्या. नाही तर आपल्या नावाच्या पैशातून वरच्या आळीचे पाणी आपल्याकडे आणण्याची पक्की सोय होते. हे मी तर्काने सांगत नाही.

आता फिर्याद कशी द्यावी. याच अधिनियमाचे कलम ४ लोकसेवकावर कर्तव्ये घालते. तोंडी सांगितलेली माहिती लिहून घेतल्यावर सही घेण्यापूर्वी ती फिर्यादीस वाचून दाखविणे, या कायद्याखाली गुन्हा नोंदविणे आणि नोंदीची प्रत ताबडतोब देणे ही त्यांत आहेत. वाचून दाखविल्याशिवाय अंगठा देऊ नका. वाचताना 'सांडपाणी येते' असे ऐकू आले तर थांबवा. पाणी कोणाच्या घरचे, कोणत्या दिवशी, कोणी वळविले, पूर्वी कोठे जात होते, आत काय आहे, दारापासून किती हातांवर पडते, हे सारे नावानिशी येऊ द्या. हवालदार म्हणेल, एवढे लिहावयास जागा नाही. पुरवणी कागद जोडता येतो, असे नम्रपणे सांगा.

त्या म्हातारीचा पुरवणी जबाब आम्ही नंतर नोंदविला. मी शेजारी बसलो, पण एक शब्दही सुचविला नाही. तशी आवश्यकता नव्हती. तिने दोघा भावांची नावे घेतली. बांध घातला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, हे सांगितले. नाली आधी ओढ्याला कोणत्या चिंचेखाली मिळत होती ते सांगितले. पाण्यात संडासाचा मैला आहे, सून त्यातूनच पाण्याची घागर घेऊन येते, नातू दोनदा तापाने पडला, हे सांगितले. लिहिणाऱ्याने सवयीने 'सांडपाणी येत आहे' असे लिहिले होते. वाचून दाखविताना तिने हात वर केला, ते खोडावयास लावले आणि त्याजागी लिहविले: "त्यांनी मैल्याचे पाणी आमच्या दारात सोडले आहे." खोडल्याजागी तिचा अंगठा आहे. पुढील तारीख पडली आहे.